डब्यातली दुसरी नेवरी कोणती? अर्धी शक्यता की तीनात दोन?

फोंडेकरीण | सोमवार, रात्री १०:४०

पंचमीला आमच्या घरी एक वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून इथे आणते आहे.

गणपतीच्या चवथीला आमच्याकडे दोन प्रकारच्या नेवऱ्या (करंज्या) होतात, खोबऱ्याच्या आणि चण्याच्या डाळीच्या. पारी तीच, मुरड तीच, तळल्यावर रंगही तोच. शेजारी वाटायला मी छोट्या डब्यांत दोन-दोन भरून ठेवते. वाटून झाल्यावर तीन डबे उरले. एकात दोन्ही खोबऱ्याच्या, एकात दोन्ही डाळीच्या आणि एकात एक-एक. झाकणं सारखी. कोणता डबा कोणता, हे मलाही सांगता येत नव्हतं.

भाच्याने एक डबा ओढला, एक नेवरी फोडली. खोबरं निघालं. त्याला खोबऱ्याचीच आवडते, म्हणून मी सहज म्हटलं, "दुसरीही खोबऱ्याचीच निघेल का रे?" तो म्हणाला, "मामी, फिफ्टी-फिफ्टी. डाळीचा डबा तर बाद झाला. उरले दोन. हा पहिला तरी असेल नाहीतर मिश्र तरी."

माझी मुलगी अकरावीत आहे. ती आतून ओरडली, "नाही, तीनात दोन!" मग जी जुंपली ती गणपतीवरची माटोळी उतरवेपर्यंत. सासरे भाच्याच्या बाजूचे. मलाही भाच्याचंच पटत होतं, पण मुलीचं चूक कुठे हे सांगायला गेले तर शब्द सापडेनात. तिलाही आपलं बरोबर का, ते नीट सांगता येईना. वर्गात सूत्र शिकवलं आहे, ते ती म्हणून दाखवते.

सूत्र नको. मला, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला, पटेल असं कोणी सांगेल का?

---

मांडवीकाठ | सोमवार, रात्री ११:०५

भाच्याचं बरोबर आहे. दोन डबे शक्य आहेत, कुठला याची आपल्याला काही कल्पना नाही. कल्पना नसेल तर दोन्ही समान धरायचे. अर्धी शक्यता. यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

---

सत्तरीचे मास्तर | मंगळवार, सकाळी ६:२०

फोंडेकरीणताई, छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि या कोड्यावर दरवर्षी अर्धा वर्ग माझ्याशी भांडला. त्या भांडणाचा मला कधी कंटाळा आला नाही, कारण चूक अगदी नैसर्गिक आहे.

तुम्ही डबे मोजता आहात. भाच्याने फोडली नेवरी. म्हणून नेवऱ्या मोजूया.

सहा नेवऱ्या आहेत. प्रत्येकीच्या मुरडीला हळदीकुंकवाचा ठिपका लावून नाव दिलंय असं समजा. पहिल्या डब्यात खो-१ आणि खो-२. दुसऱ्यात डा-१ आणि डा-२. मिश्र डब्यात खो-३ आणि डा-३. डोळे मिटून डबा उचलला, डोळे मिटून त्यातली एक घेतली, तर या सहांपैकी कुठलीही हातात येण्याची शक्यता सारखीच. डबा निवडण्याचा तिसरा हिस्सा, त्यातली नेवरी निवडण्याचा अर्धा, म्हणजे प्रत्येकीला सहावा हिस्सा.

आता खोबरं निघालं. म्हणजे हातातली नेवरी खो-१, खो-२ किंवा खो-३. तिघी सारख्याच शक्यतेच्या. खो-१ असेल तर जोडीदार खो-२. खो-२ असेल तर जोडीदार खो-१. खो-३ असेल तरच जोडीदार डाळीची. तीनात दोन.

भाच्याच्या मोजणीत खो-१ आणि खो-२ मिळून "पहिला डबा" असं एकच नाव झालं आणि दोन वाटांची एक वाट झाली. डाळीचा डबा बाद झाला हे खरं. पण मिश्र डबाही अर्धा बाद झाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मिश्र डबा हाती आला असता तर निम्म्या वेळा डाळ निघाली असती. पहिल्या डब्यातून मात्र दर वेळी खोबरंच निघतं. त्यामुळे खोबरं दिसलं की वजन पहिल्या डब्याकडे झुकतं.

---

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ९:१०

मास्तर, मोजणी वाचली. पण डबा आधी उचलला गेला होता ना? नेवरी फोडल्याने डबा बदलत नाही. उचलला तेव्हा तिन्ही डबे सारखे होते. एक गेला, उरलेले दोन अजूनही सारखेच.

---

पाटोवरचा वाचक | मंगळवार, दुपारी १:३०

मांडवीकाठ, तुमच्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून जुनं उत्तर आहे. मुळात कोडं नेवऱ्यांचं नाही, पदकांचं आहे. जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ च्या आपल्या संभाव्यतेवरच्या पुस्तकात ते मांडलं. तीन पेट्या, प्रत्येकीला दोन खण. एकीत दोन सोन्याची पदकं, एकीत दोन चांदीची, एकीत एक-एक.

बर्ट्रांडचा युक्तिवाद मला मोजणीपेक्षाही सुंदर वाटतो. तोच मी नेवऱ्यांत सांगतो.

डबा उचलला, अजून काही फोडलेलं नाही. हा डबा मिश्र असण्याची शक्यता किती? तीनात एक. यावर तुमचं-आमचं एकमत आहे.

आता नेवरी फोडली. खोबरं निघालं तर तुम्ही म्हणता मिश्र असण्याची शक्यता अर्धी. डाळ निघाली असती तर? तेव्हाही अर्धीच म्हणाला असता. आणि नेवरीत या दोनांपैकी काहीतरी निघणारच. मग न फोडताच, नुसतं "मी आता फोडणार आहे" म्हणून शक्यता तीनात एकवरून अर्ध्यावर जायला हवी. पारीच्या आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नसताना डबा जास्त मिश्र कसा होईल?

---

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी २:१५

हे मात्र अडलं खरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. अर्ध्यावर राहिलो तर न फोडता शक्यता बदलते, आणि ते अशक्य आहे. मास्तरांची मोजणी सकाळी दोनदा वाचली, पण पटली ती आत्ता.

---

वाळपईची | मंगळवार, दुपारी ४:००

वाद घालण्यापेक्षा करून बघावं. आमची आजी हिशेब चुकला की कोंकणीत एवढंच म्हणायची, "मेजून पळय." मोजून बघ.

तीन आगपेट्या घ्या. एकीत दोन चिंचोके, एकीत दोन वाल, एकीत एक-एक. एकाने पेट्या फिरवायच्या, दुसऱ्याने न बघता पेटी उचलून एक दाणा काढायचा. वाल निघाला तर तो डाव सोडून द्यायचा, चिंचोका निघाला तरच दुसरा दाणा काय ते लिहायचं. फोंडेकरीणताई, मुलीला आणि भाच्याला समोरासमोर बसवा.

एक जपा. चिंचोका बोटाला गुळगुळीत लागतो, वाल चपटा लागतो. बोटाने चाचपून निवडाल तर सगळं बिघडेल. पेटी हलवून पहिला जो बाहेर पडेल तो घ्या.

---

छंदिष्ट | मंगळवार, रात्री ८:४५

मी मराठी शिकवते, गणिताशी संबंध दहावीत सुटला. पण मास्तरांची "प्रत्येकीला नाव द्या" ही युक्ती वाचली आणि हे तर आपण वृत्तांच्या तासाला करतो, असं वाटलं.

यमाताराजभानसलगा. आठ गण. तीन अक्षरं, प्रत्येक लघु किंवा गुरु. कोणी विचारलं की तीन अक्षरांत गुरु किती असू शकतात, तर उत्तर चारच: शून्य, एक, दोन, तीन. म्हणून काय चारही सारखेच होतात? गण लिहून बघा. तिन्ही गुरु असलेला एकटा म गण. तिन्ही लघु असलेला एकटा न. पण दोन गुरु आणि एक लघु असे तीन आहेत: य, र, त. लघु आधी आला तर य, मधे आला तर र, शेवटी आला तर त. तसेच एक गुरु आणि दोन लघु असलेले ज, भ, स. एक, तीन, तीन, एक. मिळून आठ.

पिंगलाच्या छंदःसूत्रांवर हलायुधाने दहाव्या शतकात भाष्य लिहिलं. त्यात हेच आकडे पायऱ्यापायऱ्यांनी रचून मेरुप्रस्तार म्हणून दिले आहेत. प्रस्तार म्हणजे पसरून मांडणं. एकही रूप सुटू नये आणि एकही दोनदा येऊ नये, म्हणून सगळी रूपं ठरलेल्या क्रमाने एकाखाली एक लिहायची.

लघुला छापा म्हणा आणि गुरुला काटा, तीन नाण्यांचा हिशेब तयार. मुलीला सूत्राआधी प्रस्तार लिहायला सांगा. "एक लघु, दोन गुरु" हे वर्णन झालं. य, र आणि त ही रूपं. मोजायची ती रूपं.

---

सत्तरीचे मास्तर | मंगळवार, रात्री ९:३०

छंदिष्ट, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. छत्तीस वर्षांत गणांवरून संभाव्यता शिकवायचं मला सुचलं नाही. शेजारच्या वर्गात मराठीचा तास चालू असायचा आणि "यमाताराजभानसलगा" भिंतीपलीकडून रोज कानावर यायचं.

---

पाटोवरचा वाचक | मंगळवार, रात्री १०:१०

ही चूक किती मोठ्या गणितज्ञांकडून झाली आहे ते भाच्याला सांगा, त्याला धीर येईल.

द'अलांबेर, १७५४. फ्रेंच ज्ञानकोशाच्या चौथ्या खंडात नाणेफेकीवर त्याची नोंद आहे. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? त्याचं म्हणणं: पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, दुसरी फेक हवी कशाला? म्हणून प्रकार तीन. छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तीनात दोन. बरोबर उत्तर चारात तीन आहे. त्याच्या यादीतला पहिला प्रकार बाकीच्यांच्या दुप्पट वजनाचा आहे. एका फेकीत छापा पडण्याला अर्धा हिस्सा, बाकीच्या दोघांना पाव-पाव.

हाच आक्षेप त्याआधी शंभर वर्षं रोबेर्व्हालने घेतला होता. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा पत्रांतून अर्धवट राहिलेल्या डावाची वाटणी ठरवत होते. एकाला जिंकायला दोन डाव हवेत, दुसऱ्याला तीन. जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागणारच, म्हणून फर्माने चारही डाव खेळले जातील असं धरून १६ रूपं मांडली. त्यांत ११ पहिल्याची, ५ दुसऱ्याची. रोबेर्व्हाल म्हणाला, पण खरा खेळ तर आधीच थांबेल! थांबेल हे खरंच. पण उरलेले डाव कागदावर खेळल्याने जिंकणारा बदलत नाही, आणि सगळी रूपं सारख्या वजनाची होतात. हे डाव खरे खेळायचेच नसतात, मोजणी सोपी व्हावी म्हणून मांडायचे असतात.

लायब्निझलाही दोन फाशांवर ११ आणि १२ सारखेच वाटले होते. ११ म्हणजे ५ आणि ६, १२ म्हणजे ६ आणि ६, एकेकच जोडी. पण एक फासा लाल आणि एक पांढरा घ्या. लाल ५ पांढरा ६, लाल ६ पांढरा ५. अकराला दोन वाटा, बाराला एक.

---

म्हापशाचा दुकानदार | बुधवार, सकाळी ७:४०

फाशांचा विषय निघाला म्हणून लिहितो. लहानपणी जत्रेत पत्त्यांच्या आणि फाशांच्या पटाभोवती माणसं उकिडवी बसलेली मी पाहिली आहेत. वडील हात धरून पुढे न्यायचे. ते स्वतः कधी खेळले नाहीत. पण तीन फासे टाकले तर ९ पेक्षा १० जास्त वेळा येतो, हे त्यांना नुसतं बघून माहीत होतं. मला ते खरं वाटायचं नाही. कारण जुळण्या मोजल्या तर दोन्हींच्या सहा-सहाच होतात.

---

पाटोवरचा वाचक | बुधवार, सकाळी ८:१५

दादा, तुमच्या वडिलांची नजर गॅलिलिओच्या काळातल्या जुगाऱ्यांइतकी तीक्ष्ण होती. त्यांनाही हेच दिसलं होतं आणि गॅलिलिओने त्याचं कारण लिहून ठेवलं.

९ च्या जुळण्या: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. १० च्या: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. खरंच सहा-सहा. पण तिन्ही आकडे वेगळे असले तर ती जुळणी तीन फाशांवर सहा तऱ्हांनी पडते, दोन सारखे असले तर तीन तऱ्हांनी, तिन्ही सारखे असले तर एकाच तऱ्हेने. आता बेरीज करा. ९ साठी ६+६+३+३+६+१ म्हणजे २५. १० साठी ६+६+३+६+३+३ म्हणजे २७. एकूण रूपं २१६. सगळा घोळ त्या ३-३-३ चा.

२१६ मध्ये दोनाचा फरक नुसत्या डोळ्यांना जाणवायला किती डाव बघावे लागत असतील, विचार करा.

---

फोंडेकरीण | बुधवार, दुपारी ३:३०

काल रात्री आगपेट्या मांडल्या. ६० डाव खेळलो. पेट्या मी फिरवत होते, दाणा भाचा काढत होता, वही मुलीकडे. ३२ डाव वाल निघाले, ते सोडून दिले. २८ डाव चिंचोका निघाला. त्यांत दुसराही चिंचोका १९ वेळा, वाल ९ वेळा.

भाचा वही हातात घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, "मामी, मिश्र पेटी मला सारखी लागत होती, पण निम्म्या वेळा तिच्यातून वालच यायचा आणि डाव फुकट जायचा. ते फुकट गेलेले डाव मी धरलेच नव्हते." मास्तर, तुम्ही लिहिलंत तेच. पण वाचून पटेना, हाताने केल्यावर पटलं. मलाही.

---

ताळगाव पठार | बुधवार, सायंकाळी ५:५०

मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकतो. मास्तरांच्या "प्रत्येकीला नाव द्या" या पद्धतीला एक फार मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्याच देशातल्या माणसाने शोधला.

दोन नाणी घ्या. दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. सर्वांना माहीत आहे की एक-एकचं वजन दुप्पट, कारण नाणी वेगळी ओळखता येतात. चार रूपं. आता नाण्यांऐवजी दोन फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण घ्या आणि छापा-काटा यांच्याऐवजी दोन कप्पे. सत्येंद्रनाथ बोस १९२४ मध्ये ढाक्याला शिकवत होते. त्यांनी कणांना नावंच न देता मोजणी केली. दोन्ही पहिल्या कप्प्यात, दोन्ही दुसऱ्यात, एक-एक. तीन रूपं, तिन्ही सारख्या वजनाची. अशी मोजणी केल्यावरच तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा प्लांकचा नियम सरळ हाती येतो. त्यांनी तो निबंध आईनस्टाईनना पाठवला. आईनस्टाईननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापवला.

नाण्यांसाठी जी चूक ठरते ती मोजणी फोटॉनसाठी खरी ठरली. फोटॉनवर कुंकवाचा ठिपका लावता येत नाही. आपल्याला जमत नाही म्हणून नव्हे, त्यांच्यात "हा पहिला, तो दुसरा" असा भेदच नाही. "समान शक्यतेची रूपं कोणती" हे नुसत्या विचाराने ठरत नाही, जगाकडे बघून ठरवावं लागतं, हे मला यातून कळलं.

---

वाळपईची | बुधवार, सायंकाळी ६:३०

यावर माझं घरगुती उदाहरण. आम्ही पट खेळायला फासे म्हणून चिंचोके वापरायचो. दगडावर उभे धरून फोडायचे, म्हणजे एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी फुगीर. चार फोडी टाकल्या की रूपं सोळाच, प्रस्तार करायला सोपा. पण सोळा सारखी नसतात. सपाट बाजूवर बसणं आणि फुगीर पाठीवर बसणं यांत फरक आहे, आणि प्रत्येक फोडीचा वेगळा. आमच्यात एक मुलगा स्वतःच्याच फोडी खिशात बाळगायचा आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

कवड्यांचंही तेच.

---

पाटोवरचा वाचक | बुधवार, रात्री ७:१०

"जगाकडे बघून" यावरून आपल्याच मातीतला माणूस आठवला. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबें गावचा. गणितज्ञ. जुन्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांचं वय ठरवायला त्यांनी हजारो नाणी एक-एक करून वजन केली. हातोहात फिरून नाणं झिजतं, वजन घटतं, आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. दोन नाणी सारखी आहेत हे त्यांनी गृहीत धरलं नाही, तराजूत टाकून बघितलं. एरवी छापा-काट्याची गणितं लिहिताना आपण "नाणं निर्दोष आहे" म्हणून पुढे जातो.

---

दोन पायलीचा | बुधवार, रात्री ९:००

मास्तरांना एक प्रश्न. समजा मिश्र डबा मोठा आहे, त्यात खोबऱ्याची एक आणि डाळीच्या नऊ. बाकी दोन डबे आहेत तसेच. खोबऱ्याच्या नेवऱ्या एकूण तीनच राहतात, खो-१, खो-२, खो-३. तुमच्या पद्धतीने पहिला डबा असण्याची शक्यता तीनात दोनच यायला हवी. पण मन म्हणतं, दहांतून नेमकी ती एक हाताला लागणं कठीण आहे.

---

सत्तरीचे मास्तर | गुरुवार, सकाळी ६:०५

मन बरोबर म्हणतं. मी माझ्या पहिल्या प्रतिसादात एक ओळ लिहिली होती, "डबा निवडण्याचा तिसरा हिस्सा, त्यातली नेवरी निवडण्याचा अर्धा". तिथेच सगळं होतं, पण मी ती फार घाईने ओलांडली.

तुमच्या डब्यांत खो-१ ला तिसऱ्याचा अर्धा म्हणजे सहावा हिस्सा. खो-२ ला तितकाच. खो-३ ला तिसऱ्याचा दहावा, म्हणजे तिसावा हिस्सा. पाच, पाच आणि एक, असं हे वजन आहे. खोबरं निघालं तर पहिला डबा असण्याची शक्यता अकरात दहा. नावं दिली, रूपं पसरली, तरी वजन तपासावंच लागतं. फोंडेकरीणताईंच्या डब्यांत प्रत्येकी दोन नेवऱ्या होत्या म्हणून वजनं सारखी पडली.

आणि आता मला एक विचारायचं आहे, ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ताई, भाच्याने ती नेवरी घेतली कशी? न बघता?

हे का विचारतो ते सांगतो. समजा भाच्याऐवजी तुम्ही डब्यात डोकावला असतात, नेवऱ्या ओळखून खोबऱ्याची असेल तर तीच काढून त्याच्या हातात दिली असती. मग पहिल्या डब्यातून खोबरं नक्की येतं आणि मिश्र डब्यातूनही नक्की येतं. दोन्ही डब्यांचं वजन सारखं. तेव्हा उत्तर अर्धं, भाच्याचंच. हातात तीच खोबऱ्याची नेवरी, समोर तोच डबा, आणि उत्तर वेगळं.

सगळ्यांसाठी एकच मांडणी देतो. मिश्र डबा हाती आला तर त्यातून खोबऱ्याचीच उचलली जाण्याची शक्यता "प" धरा. मग दुसरीही खोबऱ्याची असण्याची शक्यता म्हणजे १ भागिले (१ अधिक प). न बघता घेतली तर प अर्धा, उत्तर तीनात दोन. मुद्दाम खोबऱ्याचीच दिली तर प एक, उत्तर अर्धं. आणि कुणी खोबऱ्याची शेवटी ठेवणारा असेल, डाळीची आधी संपवणारा, तर प शून्य. त्याने खोबऱ्याची फोडली म्हणजे डब्यात डाळीची नव्हतीच. दुसरी खोबऱ्याची, खात्रीने.

---

म्हापशाचा दुकानदार | गुरुवार, सकाळी ८:३०

तीन दरवाजे आणि मोटारगाडीचं कोडं यातलंच ना? एका दरवाजामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक निवडता, सूत्रधार उरलेल्यांतला एक उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, दरवाजा बदलायचा का?

---

पाटोवरचा वाचक | गुरुवार, सकाळी ९:००

त्याच घराण्यातलं. १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी अमेरिकेतल्या 'परेड' साप्ताहिकात दरवाजा बदलावा असं उत्तर दिलं आणि त्यांच्यावर हजारो पत्रं तुटून पडली, त्यांत गणितातले डॉक्टरेट केलेलेही होते. उत्तर बरोबर होतं. पण ते टिकतं कशावर? सूत्रधाराला गाडी कुठे आहे हे माहीत असतं आणि तो मुद्दाम बकरीचाच दरवाजा उघडतो, यावर. त्याने आंधळेपणाने उघडला आणि योगायोगाने बकरी निघाली, तर बदलून काही मिळत नाही, दोन्ही दरवाजे सारखे. मास्तरांच्या "प" सारखंच. दरवाजामागे काय दिसलं ते सगळे बघतात, तो कसा उघडला गेला ते फार थोडे विचारतात.

---

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री ९:५०

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून मी पोळपाट बाजूला ठेवला आणि भाच्याला फोन लावला. तो वास्कोला घरी पोहोचला होता.

म्हटलं, त्या दिवशी डबा उघडल्यावर हीच नेवरी का उचललीस? तो आधी म्हणाला, "सहज." मग थांबला. मग म्हणाला, "मामी, एकीची मुरड सुटली होती. तिथून गुळाचा चिक आला होता बाहेर, तळून काळा झालेला. मला तो कुरकुरीत भाग आवडतो. म्हणून ती घेतली."

ज्यांनी नेवऱ्या तळल्या आहेत त्यांना कळलं असेल. ओलं खोबरं आणि गूळ, कितीही आटवलं तरी थोडं पाणी राहतंच. कढईत ते उकळतं, मुरड उचलतं आणि गूळ बाहेर येतो. डाळीचं पुरण कोरडं, त्यातून काही येत नाही. यंदा ज्या फुटल्या त्या सगळ्या खोबऱ्याच्या होत्या, मी स्वतः झाऱ्याने वेगळ्या काढत होते. पाहुणे यायच्या घाईत काही तशाच डब्यांत गेल्या असणार.

म्हणजे मिश्र डब्यात फुटकी असली तर त्याने ती खोबऱ्याचीच उचलली असती. तुमचा "प" अर्धा नव्हता, अर्ध्यापेक्षा मोठा होता. किती मोठा, ते खोबऱ्याच्या किती फुटल्या होत्या त्यावर.

मुलीने लगेच वही ओढली. म्हणाली, खोबऱ्याच्या निम्म्या फुटल्या असं धरूया. मिश्र डब्यातली खोबऱ्याची फुटकी असेल तर नक्की तीच, न फुटलेली असेल तर अर्ध्या वेळा. म्हणून प पाऊण. एक भागिले पावणेदोन. सातात चार. तिच्या तीनात दोनपेक्षा कमी, भाच्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त.

---

सत्तरीचे मास्तर | गुरुवार, रात्री १०:२०

ताई, तिची मांडणी चोख आहे. पण एक पायरी अजून राहिली. भाच्याने फुटकी नेवरी उचलली हे आता आपल्याला माहीत आहे. तेव्हा "खोबरं निघालं" एवढंच न धरता "फुटकी मिळाली" हे धरून पुन्हा मोजायला हवं. दोन्ही खोबऱ्याच्या असलेल्या डब्यात निदान एक फुटकी असण्याची शक्यता किती, मिश्र डब्यात किती? निम्म्या फुटतात हेच धरून तिला प्रस्तार मांडायला सांगा. फुटकी-फुटकी, फुटकी-अखंड, अखंड-फुटकी, अखंड-अखंड. उत्तर मी लिहीत नाही.

---

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री १०:५५

तिने चार रूपं लिहिली. खोबऱ्याच्या डब्यात चारांपैकी तीनांत फुटकी आहे. मिश्र डब्यात खोबऱ्याची एकच, ती निम्म्या वेळा फुटकी, म्हणजे चारात दोन. तीनास दोन. दुसरीही खोबऱ्याची असण्याची शक्यता पाचात तीन.

भाच्याला पुन्हा फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, "मामी, दुसरी खोबऱ्याचीच होती. मी बसमध्ये खाल्ली."